दिवे लावणारा माणूस

चिपळूण हे वाटेवरचे गाव. मुंबईहून गोव्याला निघालेला माणूस येथे चहा पितो, बटाटेवडा खातो, पाय मोकळे करतो आणि पुन्हा गाडीत जाऊन बसतो. कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरून आलेला माणूस तर घाटाच्या वळणांनी असा घुसळून निघालेला असतो, की गाव पाहण्यापेक्षा कोठेतरी आडवे व्हावे एवढीच त्याची इच्छा असते. वास्तविक गावात पाहण्यासारखे पुष्कळ आहे. डोंगरावर परशुरामाचे देऊळ आहे. वाशिष्ठीच्या वळणावर गोवळकोटचा गोविंदगड आहे, त्याच्या पायथ्याशी देवी करंजेश्वरी आहे. खाडीच्या चिखलात ऊन खात पडलेल्या मगरी आहेत. १८६४ सालापासून चालत आलेले आणि आज लोकमान्य टिळकांचे नाव मिरवणारे वाचन मंदिर आहे. पण वाटेवरच्या गावाचे नशीबच असे, की त्याला पाहुणे पुष्कळ आणि पाहणारे थोडे.

मी स्वतः २०१३ च्या जानेवारीत येथे येऊन गेलो होतो. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चिपळुणात भरले होते. आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना संमेलन म्हणजे पंढरीची वारीच. मांडव पाहिला, पुस्तकांचे गाळे पाहिले, ओळखीची माणसे पाहिली आणि परतलो. गाव पाहण्याचा योग आला तो गेल्या मे महिन्यात, आणि तोही एका वेगळ्याच कामाच्या निमित्ताने.

काम थोडे नाजूक होते. आमच्या सौभाग्यवतींच्या मावशी चिपळुणात एकट्या राहतात. वय वर्षे एक्याऐंशी. घर जांभ्या दगडाचे, कौलारू, मागे विहीर, पुढे ओसरी. मुले-नातवंडे पुण्यात. मावशींनी घर बंद करून पुण्याला यावे म्हणून मुलगा तीन वर्षे मागे लागला होता आणि मावशी तीन वर्षे 'पुढच्या पावसाळ्यानंतर बघू' म्हणत होत्या. अशात एप्रिलमध्ये शीतकपाट उघडताना त्यांना विजेचा झटका बसला. झटका थोडका होता. पण बातमी पुण्याला पोहोचेपर्यंत मोठी झाली. भाचीचे मावशी ऐकते, तेव्हा तुम्ही दोघे जा, समजूत घाला आणि मावशींना घेऊन या, असा फोन आम्हांला डोंबिवलीला आला. आम्ही कन्येसह मांडवी एक्स्प्रेसने निघालो.

मावशींनी आमचे बेत पहिल्याच संध्याकाळी ओळखले. ओसरीवर बसून फणसाचे गरे सोलता सोलता त्या म्हणाल्या, "मला न्यायला आला आहात, ते कळले हो. पण आधी दादाला येऊन जाऊ दे. घर राहण्याजोगे नाही असे तो म्हणाला, तर मी मुकाट्याने येते."

हे दादा कोण, असा माझ्या चेहऱ्यावरचा प्रश्न पाहून त्या म्हणाल्या, "वायरमन."

एका वृद्ध बाईने उरलेले आयुष्य कोठे काढावे, याचा निकाल वायरमनवर सोपवलेला मी तरी प्रथमच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठाला दादा आले. पन्नाशीच्या आसपासचा सडपातळ, उन्हाने रापलेला माणूस. खाकी पँट, खिशात टेस्टर, खांद्याला कापडी पिशवी आणि पायात रबरी तळाचे जाड बूट. परवान्यावर ते रीतसर इलेक्ट्रिशियन आहेत. दोन वर्षांचा आयटीआयचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला आहे. पण गावाच्या तोंडी वायरमन हाच शब्द आहे, आणि त्यांनाही तोच आवडतो. "इलेक्ट्रिशियन म्हटलं की बिल मोठं वाटतं," असे ते म्हणतात.

मावशींच्या घरातली वीज म्हणजे एक जुने प्रकरण होते. लाकडी पट्टीवरून खिळ्यांनी धावणाऱ्या तारा, काळी गोल बटणे, चिनी मातीचे फ्यूज. मावशींच्या यजमानांनी ही वीज हौसेने घेतली, तेव्हा घरात चार दिवे आणि एक रेडिओ एवढेच काय ते विजेचे धनी होते. पुढे पंखे आले, मिक्सर आला, पंप आला, शीतकपाट आले, दूरदर्शन आले. तारा मात्र त्याच राहिल्या. मधल्या काळात कोणी एका कारागिराने स्वयंपाकघरात दोन नव्या जोडण्या करून दिल्या होत्या. दादांनी शिडीवर चढून त्या पेटीचे झाकण उघडले, आत पाहिले आणि शांतपणे विचारले, "काकू, हे दिवे कोणी लावले?"

मराठीतल्या या वाक्प्रचाराचा इतका अचूक उपयोग मी वर्गातसुद्धा कधी ऐकला नव्हता.

मग त्यांची तपासणी सुरू झाली. दोन तारा आणि एक बल्ब एवढाच सरंजाम असलेला टेस्ट लॅम्प त्यांनी एकेका जागी लावून पाहिला. मग मेगर नावाचे यंत्र काढले. तारेवरच्या आवरणातून वीज कोठे झिरपते का, ते त्यावर कळते. माझी कन्या अकरावीत शास्त्र शिकते. ती शिडी धरून उभी राहिली आणि दादा तिला सांगू लागले. झटका बसला तो शीतकपाटाच्या दोषाने, पण तो माणसाच्या अंगातून गेला याचे कारण घराला अर्थिंग उरलेले नव्हते. बिघडलेली वीज जमिनीत जायला वाट शोधते. तारेची वाट मिळाली तर तिच्यातून जाते. न मिळाली तर हात लावणाऱ्या माणसाला ती वाट करते.

"घरात चिडलेल्या माणसाचंही असंच असतं," दादा म्हणाले. "त्याला बाहेर फिरून यायला वाट ठेवावी. नायतर जो पहिला समोर येतो त्याला झटका."

दुपारी आम्ही मागच्या अंगणात अर्थिंगची जागा पाहिली. कोकणात हे काम घाटावरच्यासारखे सोपे नाही. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभा ते पाणी धरून ठेवत नाही. मे महिन्यात जमीन अशी कोरडी होते, की तारेने आणलेली वीज ती घ्यायला तयार होत नाही. म्हणून खड्डा खोल घ्यावा लागतो, त्यात पत्रा उभा पुरून भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर द्यावे लागतात, आणि उन्हाळाभर वरून पाणी घालावे लागते. दादांनी न्हाणीच्या मोरीजवळची जागा निवडली आणि मावशींना बजावले, "काकू, तुळशीला घालता तसे दोन तांबे इथंही घालायचे."

मावशींनी मान डोलावली. तुळस परलोकाची काळजी घेणार आणि हा खड्डा इहलोकाची, अशी कामाची वाटणी त्यांना पसंत पडलेली दिसली.

"मग घर राहण्याजोगे आहे की नाही?" मी मुद्द्याचे विचारले. सौभाग्यवतींचेही कान टवकारलेले होते.

"घर काकूंपेक्षा ठणठणीत आहे," दादा म्हणाले. "सगळ्या तारा बदलायच्या, दिव्यांना दीडची, पंपाला न् शीतकपाटाला वेगळी जाड. गळती होताच वीज तोडणारं बटण मीटरजवळ बसवायचं. तीस मिलिअँपिअर बाहेर गेली की ते डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतं. सहा दिवसांचं काम. उद्या शुक्रवार, उद्या सुरू करतो. रविवारी सुट्टी."

"आम्हांला पुढच्या शनिवारी परत जायचे आहे," मी म्हणालो. "हा एक रविवार आलात तर बरे होईल. हवे तर जास्तीचे..."

"रविवार विकत नाय मी, सर," ते हसून म्हणाले. हसण्यात उद्धटपणा नव्हता. "पुढच्या गुरुवारी संध्याकाळी काम पुरं होईल. आणि रविवारी तुम्हांला रिकामंच बसायचं असेल, तर आमच्याबरोबर या."

रविवारी पहाटे पाचला आम्ही तिघे त्यांच्या दारात होतो. मावशींनी आम्हांला अंबाड्याचे लोणचे बांधून दिले होते. दादांच्या घरचे चौघे तयार होते: दादा, वहिनी, पुण्याला अभियांत्रिकी शिकणारी आणि सुट्टीला आलेली मुलगी, आणि बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारा मुलगा. दादांची आई दारात बसून सर्वांना 'सांभाळून जा' म्हणत होती. एका मालवाहू रिक्षेत मागे गोणपाट अंथरून आम्ही सातजण कोंबले गेलो आणि पोफळीच्या दिशेने निघालो.

उजाडता उजाडता समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली. दादांचे लहानपण या भिंतीच्या पायथ्याशी, अलोऱ्याच्या वसाहतीत गेले. वडील कोयनेच्या कामावर मजूर होते. कोळकेवाडीच्या टप्प्याचे बोगदे खोदणाऱ्या हजारो हातांपैकी दोन हात त्यांचे. ज्यांनी पाठ्यपुस्तकापलीकडे कोयना पाहिली नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कोयना ही मूळची पूर्ववाहिनी नदी. महाबळेश्वरला उगम पावून ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराची वाट धरते. हेळवाकजवळ तिला धरणाने अडवले, शिवसागर जलाशय झाला, आणि त्याचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून साडेचारशे मीटरांहून अधिक खोल, पोफळीच्या भूमिगत विद्युतगृहावर सोडले. १९६२ साली तेथे पहिली वीज निर्माण झाली. पुढे टप्पे वाढत गेले. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, तरी काम थांबले नाही. १९९९ साली जलाशयाच्या तळाला आतून भोक पाडून चौथ्या टप्प्याला पाणी दिले गेले. आज सर्व टप्पे मिळून साडेएकोणीसशे मेगावॅटहून अधिक क्षमता आहे, आणि कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट पाणी पश्चिमेला वळवू दिले आहे. वीज देऊन रिकामे झालेले हे पाणी, ज्याला येथे अवजल म्हणतात, कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत उतरते.

"बंगालकडं निघालेलं पाणी आमच्या दारावरनं जातं," दादा म्हणाले. "बाबा म्हणायचे, नदीला माहेरी परत आणली आपण."

पोफळीच्या अलीकडे कोठेतरी आम्ही रस्ता सोडला. कोठे, ते मी लिहिणार नाही. तशी अटच होती. एका वाडीच्या मागे देवराई आहे. तीत माणसाच्या कवेत न मावणारा एक बेहडा आहे, आणि बेहड्याच्या खोडात जमिनीपासून तीन पुरुष उंचीवर एक ढोली आहे. आम्ही पन्नास पावलांवर एका करवंदीच्या जाळीआड बसलो. बोलायचे नाही, हा दादांचा हुकूम. पाच माणसांच्या संसारात एकटेच बोलणारी आमची सौभाग्यवती चक्क पाऊण तास गप्प होती, यावरून त्या हुकमाची जरब लक्षात यावी.

मग वरून फडाफडा असा आवाज आला, जणू कोणी ओले धोतर झटकते आहे. काळापांढरा, पिवळ्या अवजड चोचीचा, चोचीवर आणखी एक शिंग चढवलेला पक्षी ढोलीशी येऊन बिलगला. मलबारी कवड्या धनेश. येथले लोक त्याला गरुड म्हणतात. ढोलीचे तोंड लिंपून बंद केलेले होते. मध्ये बोटभर फट. त्या फटीतून आतल्या चोचीचे टोक बाहेर आले. नराने मान हलवून गळ्यातून एक फळ चोचीच्या टोकावर आणले आणि आत दिले. मग दुसरे, मग तिसरे. दादांची मुलगी वहीत रेघा ओढत होती. चौदा फळे झाली. मग तो पक्षी तसाच ओले धोतर झटकत निघून गेला.

दादांनी हलक्या आवाजात सांगितले ते असे. मादी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ढोलीत शिरते आणि आतून विष्ठेने व फळांच्या गराने तोंड लिंपून घेते. अंडी घालते, उबवते, आपली उडण्याची पिसेही आतच गाळते. सुमारे तीन महिने ती आणि पुढे पिले त्या फटीतून मिळेल त्यावर जगतात. नर दिवसभर उंबर, वड, पिंपळ धुंडाळत हिंडतो. तो विजेच्या तारेला लागून मेला किंवा कोणी मारला, तर आतले सारे कुटुंब संकटात सापडते. आणि दरसाल त्याच ढोलीत येण्याची त्यांची रीत. म्हणून जुने झाड तोडले, की त्या जोडप्याचे घर जाते. दादा या बेहड्याला अकरा वर्षे भेटत आहेत. वाडीतल्या लोकांनी झाड राखले आहे, कारण ते देवाचे आहे. दादांनी त्याला आणखी एक कारण जोडून दिले: वाडीतल्या देवळाची वीजजोडणी त्यांनी फुकट करून दिली आणि मोबदल्यात बेहड्याची राखण मागून घेतली.

"फुकट म्हणजे अगदी फुकट नाय," वहिनी मागून म्हणाल्या. "वायर आपली गेली. मी लिहून ठेवलंय."

त्या दिवशी मला वहिनींची वही कळली. भाकरी, सुकी चवळीची उसळ, आमचे लोणचे आणि कोकमाचे सरबत अशी न्याहारी ओढ्याकाठी झाली. मुले करवंदे तोडायला पांगली. दादा एका कातळावर आडवे झाले, आणि वहिनींनी सौभाग्यवतींना २०२१ सालची हकीकत सांगितली. मी जवळच होतो.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर महाराष्ट्र विसरलेला नाही. २००५ च्या जुलैतला पूर गावाने पाहिला होता, पण हा त्याहून भयंकर. अतिवृष्टी, भरतीची वेळ, नदीत साचलेला गाळ, अवजल; कशाचा वाटा किती यावर गावात आजही वाद झडतात. मध्यरात्रीनंतर पाणी चढू लागले. दादांनी आईला उचलून शेजारच्यांच्या माडीवर नेऊन बसवले, मुलांना वर पाठवले आणि स्वतः गुडघाभर पाण्यातून आळीत प्रत्येक घरी जाऊन मुख्य बटण पाडत सुटले. वहिनी माडीवरून हाका मारत होत्या. "पाण्यानं माणूस पोहून वाचेल, पाण्यातल्या विजेनं नाय वाचणार," एवढेच त्यांनी खालून उत्तर दिले. सकाळी बाजारपेठेत दुकानांच्या पाट्यांपर्यंत पाणी होते. वाचन मंदिरात पाणी शिरले, बहादूरशेख नाक्याजवळचा वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला. दादांचे दुकान बाजारातच होते. करोनाच्या टाळेबंदीनंतर उधारीवर भरलेले पंखे, मोटारी, बटणांची खोकी, सारे चिखलात गेले.

पुढचे दोन महिने दादा घरी फक्त झोपायला येत. गावात कित्येक दिवस अंधार होता, आणि वीज आली तरी भिजलेल्या घरात ती घ्यायची कशी? एकेक घर घ्यायचे, बटणे उघडायची, चिखल स्वच्छ पाण्याने धुवायचा, सुकवायचे, मेगर लावायचा; काटा पुरेसा वर येईपर्यंत घरमालकाने कितीही गयावया केली तरी वीज सुरू करायची नाही. लोक चिडत. पण त्यांनी वीज जोडून दिलेल्या एकाही घरात अपघात झाला नाही, हे वहिनींनी अभिमानाने सांगितले आणि त्यातले किती पैसे अजून यायचे आहेत, तेही आकड्यासकट सांगितले.

त्याच दिवाळीत वहिनींच्या भावाने पुण्याची नोकरी आणली. अकरा इमारतींची मोठी वसाहत, विजेच्या देखभालीचा मुकादम, बांधलेला पगार, दर महिन्याच्या एक तारखेला. दुकान बुडालेल्या माणसाला याहून मोठा आधार कोणता? दादा जाऊन पाहून आले. परत आल्यावर दोन दिवस बोललेच नाहीत. तिसऱ्या रात्री सारी मंडळी बसली. मुलीला तेव्हा अभियांत्रिकीला जायचे होते. ती म्हणाली, चला. आई म्हणाली, मला येथेच ठेवून जा. मुलगा लहान होता, त्याने धनेशांना फळे कोण मोजणार असे विचारले. दादा वहिनींकडे पाहून म्हणाले, "तू सांगशील तसं."

"मग काय केलेत?" सौभाग्यवतींनी विचारले.

"वही काढली," वहिनी म्हणाल्या. "पगार मांडला. त्यातनं घरभाडं वजा केलं, शाळा, गाडीभाडं, सासूबाईंसाठी इथं ठेवायचे ते. इकडं दुकान नसतानाही हातावरचं काम किती येतंय ते मांडलं. चार वेळा बेरीज केली. उरत होते ते दोन्हीकडं जवळजवळ सारखेच. मग म्हटलं, पैशानं तर काही ठरत नाय. उरला तो डोंगर. तो इकडं होता."

हे सांगताना त्यांनी कातळावर झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. जणू वाण्याच्या हिशेबातली एक रकम त्या सांगत होत्या.

पण या हिशेबाची दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागले, ते फिटायला अजून चार वर्षे आहेत. दुकान पुन्हा उभे राहिले नाही; सामान घरच्या पडवीत असते. मुलाला सौर विजेचे तंत्र शिकायचे आहे आणि त्यासाठी तोही यंदा पुण्याला जाईल. "मुलांसाठी राहिलो म्हणावं, तर मुलंच चालली," वहिनी म्हणाल्या. "हे काही बोलत नाहीत. मागच्या महिन्यापास्नं रविवारी मुलाला एकेक वाट दाखवतात. चोरवण्यावरनं नागेश्वराची, कुंभार्लीच्या जुन्या पायवाटेची. मी म्हटलं, तो तिकडं जाऊन या वाटांचं काय करणार? तर म्हणाले, परत यायला वाट माहीत असलेली बरी."

कातळावरून दादांचा आवाज आला, "सरांना सगळं सांगून झालं का?" ते जागेच होते.

परतताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. अधिक पैसा, मोठे गाव, मोठे काम यांची कधी ओढ वाटली नाही का, असे मी विचारले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, प्रत्येक मीटरला मंजूर भार असतो. घरात कितीही यंत्रं आणा, तार सोसेल तेवढाच भार घ्यावा. जास्त घेतला तर लगेच काही होत नाय. दिवे लागतात, पंखे फिरतात. तार मात्र आतल्या आत तापत राहते. आग लागते ती फार उशिरा." मग रिक्षेमागच्या धुळीकडे पाहत म्हणाले, "पुण्याला मी तळघरातल्या पॅनेलच्या खोलीत उभा राहिलो, तेव्हा मला ती तार तापल्यासारखी वाटली. बाकी काय नाय."

ज्याची तार जाड असेल त्याने खुशाल मोठा भार घ्यावा; त्यांचे त्याला काही म्हणणे नव्हते. आपल्या तारेचा जाडपणा मात्र त्यांनी वेळेवर ओळखला होता. आम्ही शिकलेली माणसे समाधानावर व्याख्याने देतो आणि दर महिन्याला एक नवे यंत्र घरात आणतो. संतांच्या अभंगांवर परीक्षेला प्रश्न काढताना 'समाधान' हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल! त्याचा असा मोजून-मापून, मीटरवर वाचता येईल असा अर्थ मला एका वायरमनने सांगितला.

गुरुवारी संध्याकाळी काम पुरे झाले. दादांनी कन्येला मीटरजवळ उभे केले आणि नव्या संरक्षक बटणावरची चाचणीची कळ दाबायला सांगितली. खट्ट झाले, घर अंधारले, आणि मावशी स्वयंपाकघरातून "गेली का रे?" म्हणून ओरडल्या. "गेली नाय काकू, शहाणी झाली," दादा म्हणाले. दर महिन्याला एकदा ही कळ दाबून पाहायची, असे त्यांनी मावशींकडून वदवून घेतले. बिलाचा कागद वहिनींच्या अक्षरात होता. एक पैसा कमी नाही, एक पैसा जास्त नाही.

पुण्याला फोन करण्याचे काम सौभाग्यवतींनी घेतले. आत काय बोलणे झाले कोणास ठाऊक, बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "मावशी राहते आहे." मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी तांब्या भरला आणि मोरीजवळच्या खड्ड्यात पाणी घालून आल्या.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दादांना श्वास घ्यायला फुरसत नसेल. वसुबारसेपासून गाव त्यांच्या मागे लागते. कोणाची माळ लागत नाही, कोणाच्या आकाशकंदिलाला तार पुरत नाही, कोणी गच्चीवर इतके दिवे टांगले आहेत की फ्यूज उडतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला आदल्या रात्री हटकून कोणाचा तरी गीझर बिघडतो. स्वतःच्या घरचा कंदील लक्ष्मीपूजनाला उशिरा कधीतरी चढतो, आणि तोही वहिनी चढवतात. पण पाडव्याची संध्याकाळ ठरलेली असते. त्या दिवशी फोन घरी ठेवून सारी मंडळी गोवळकोटच्या गोविंदगडावर जातात. पोरे सुट्टीला आलेली असतात. खाली वाशिष्ठी काळी होत जाते आणि एकेक करून गाव उजळते.

तेथे बसून दादा काय पाहतात, हे त्यांनी मला निघताना सांगितले होते. रोषणाई ते पाहत नाहीत. कोणते घर अंधारात आहे ते पाहतात. कोणत्या आळीत कोणता दिवा असायला हवा हे त्यांना पाठ आहे. दरसाल दोनचार कमी झालेले असतात. कोणी मुंबईला गेलेले, कोणी पुण्याला, कोणी कायमचे. मग ते वहिनींना नावे सांगतात आणि वहिनी 'हो' म्हणतात.

यंदा मावशींच्या ओसरीवरचा दिवा गडावरून दिसतो का, ते पाहून कळवायचे त्यांनी कबूल केले आहे.